वरचा ओठ उचलून बघा

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. धाकट्याला आंघोळ घालून गॅलरीत कोवळ्या उन्हात घेऊन बसले होते, डोकं पुसता पुसता तो खुदकन हसला, वरचा ओठ वर गेला आणि समोरच्या दोन दातांवर अगदी हिरडीला लागून मला एक पांढरी रेघ दिसली. दूध राहिलं असेल म्हणून ओल्या फडक्यानं पुसली, गेली नाही. परत पुसलं. दात कोरडा झाल्यावर तर ती आणखीनच ठळक दिसायला लागली, पाटीवर खडूनं ओढल्यासारखी, बाकीचा दात चकचकीत अन् तेवढीच पट्टी निस्तेज. माझ्या पोटात गोळाच आला. कारण ही रेघ मी आधी बघितलेली होती, थोरलीच्या दातावर, काही वर्षांपूर्वी, आणि तेव्हा मला ती काय आहे हे माहीत नव्हतं.

थोरलीचं आधी सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

थोरली तीन वर्षांची होईपर्यंत रात्री बाटली तोंडात धरून झोपायची. दुधात साखर, आणि गावाकडनं काकवी आली असेल तर चमचाभर काकवी. आम्ही कोल्हापूरचे, सासरचं गुऱ्हाळ आहे, करवीर तालुक्यातच, त्यामुळं घरात गूळ-काकवीला तोटा नाही आणि पोरांना ती द्यायची हे आमच्याकडं प्रेमाचंच काम समजतात. पोरगी झोपेतच चोखत चोखत बाटली संपवायची. दीड वर्षाची असताना वरच्या चार दातांवर पांढरे पट्टे आले, मला वाटलं कॅल्शियम कमी पडलं असेल. दोन वर्षांची झाली तेव्हा ते पट्टे पिवळे, मग तपकिरी. तेव्हा एका दवाखान्यात दाखवलं तर तिथल्या डॉक्टरांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, दुधाचे आहेत, पडणारच आहेत, आत्ता काही करायची गरज नाही. घरातही सगळे तेच म्हणत होते, मग मी पण तेच धरून चालले.

साडेचार वर्षांची असताना एका रात्री अडीच वाजता पोरगी किंचाळत उठली. गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला, अंगात ताप. पुढचे दात तोवर झिजून नुसते खुंट राहिले होते, पण दुखणं खालच्या दाढेचं होतं, जिच्याकडं आमचं कुणाचं लक्षच नव्हतं. तेव्हापास्नं पुढं दोन महिने फेऱ्या. ॲन्टिबायोटिक, एका दाढेचं रूट कॅनाल (हो, दुधाच्या दाढेचं पण करावं लागतं), वर स्टीलची कॅप, दोन दाढांत सिमेंट भरलं. दर वेळी रिक्षात बसताना ती माझा हात घट्ट धरायची आणि दवाखान्याची पायरी दिसली की रडायला लागायची. बालवाडीच्या ग्रुप फोटोत सगळी पोरं हसताहेत आणि ही ओठ मिटून उभी आहे. तो फोटो अजून कपाटाच्या दारावर लावलाय आणि अजून मला त्याच्याकडं सरळ बघवत नाही.

त्या वेळी ज्या नव्या डॉक्टर भेटल्या, लहान मुलांच्या दातांच्या, त्यांनी मला समजावून सांगितलं की पुढचे दात सहा-सात वर्षांत पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा पडायला दहा-बारा वर्षं लागतात. म्हणजे चार वर्षांच्या पोराची दाढ किडली तर त्याला अजून सात-आठ वर्षं त्याच दाढेनं जेवायचंय. शिवाय खाली पक्का दात तयार होत असतो, दुधाच्या दाढेचा पू मुळापर्यंत गेला तर त्याला इजा होऊ शकते, आणि दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेवर सरकतात, मग पक्का दात वाकडा येतो. एवढं सगळं "पडणारच आहेत" ह्या दोन शब्दांखाली झाकून गेलं होतं आमच्या घरात.

तर धाकट्याची ती रेघ बघितल्यावर मी दुसऱ्याच दिवशी राजारामपुरीत त्याच डॉक्टरांकडं त्याला घेऊन गेले. पोरगा तेव्हा एक वर्ष दहा महिन्यांचा, वजन अकरा किलो. खुर्चीवर बसवलंच नाही त्याला. डॉक्टर आणि मी समोरासमोर स्टुलावर बसलो, गुडघ्याला गुडघा लावून, पोराचे पाय माझ्या कमरेभोवती आणि डोकं मागं डॉक्टरांच्या मांडीवर. त्याचे दोन्ही हात मी धरले, तो वर बघतोय तर मी दिसतेय त्याला, त्यामुळं तो घाबरला पण बिथरला नाही. डॉक्टरांनी बोटाला गॉज गुंडाळून वरचा ओठ उचलला, दात पुसून कोरडे केले आणि मला म्हणाल्या, "बघा, ही पहिली पायरी. अजून खड्डा पडलेला नाही. ह्या पायरीवरनं दात परत फिरू शकतो."

हे वाक्य ऐकून मला रडूच आलं. थोरलीच्या वेळी पण ही पायरी होती की. सहा-आठ महिने होती. कुणी सांगितलं नाही.

मग त्यांनी फ्लोराईड व्हार्निश लावलं. मला वाटलेलं काहीतरी मोठं मशीन वगैरे असेल, पण एक छोटीशी डबी, मधाच्या रंगाचा चिकट पदार्थ, आणि नेलपेंटच्या ब्रशपेक्षा लहान ब्रश. वरच्या दातांच्या बाहेरच्या बाजूनं, मग आतनं, मग दाढांच्या वरच्या खाचांत, मग खालचे. थुंकी लागली की ते लगेच दातावर धरतं, त्यामुळं पोरगा रडला, तोंड ओलं झालं तरी बिघडत नाही. सगळं मिळून दोन मिनिटं पण लागली नसतील. सुई नाही, ड्रिल नाही, बधीर करणं नाही. दात थोडे पिवळसर दिसायला लागले तेवढंच.

लावायच्या आधी त्यांनी मला बरंच विचारलं, पोराला दमा आहे का, त्यासाठी कधी ॲडमिट करावं लागलंय का, तोंडात फोड किंवा हिरडीला जखम आहे का, कसली ॲलर्जी आहे का. कारण बहुतेक व्हार्निशमध्ये राळ असते, पाईनच्या झाडाची, आणि क्वचित कुणाला ती चालत नाही. तुम्ही नेलं तर हे स्वतःहून सांगा, डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका.

घरी जाताना सांगितलं की आज रात्री ब्रश करायचा नाही, चार-सहा तास कडक, चिकट, गरम काही द्यायचं नाही. मी दहीभात केला, गार केला, तेवढाच खाल्ला त्यानं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा ब्रश केल्यावर तो पिवळेपणा गेला.

आता हे नेमकं करतं काय, ते मला जसं कळलं तसं सांगते. तोंडात काही जंतू कायम असतात, त्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाच्याचं नाव डॉक्टर सारखं घेतात. आपण साखर खाल्ली की हे जंतू ती खातात आणि आम्ल सोडतात. दातावरचं आम्ल ठराविक पातळीच्या पलीकडं गेलं, पीएच (आम्ल मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला, की दाताच्या वरच्या कडक थरातनं कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडायला लागतं. मग अर्ध्या-पाऊण तासात थुंकी ते आम्ल धुऊन काढते आणि गेलेलं कॅल्शियम परत भरायला लागते. हे येणं-जाणं दिवसभर चालूच असतं. जाणं जास्त झालं की दाताच्या आत बारीक पोकळ्या होतात, त्यातनं उजेड वेगळा परततो म्हणून ती जागा खडूसारखी पांढरी दिसते. म्हणजे ती रेघ वरनं चिकटलेली नसतेच, दाताच्या आतलं सामान गेलेलं असतं. म्हणून पुसून जात नाही.

फ्लोराईड तिथं असेल तर परत भरताना जो थर बनतो तो आधीपेक्षा टणक असतो, त्याला विरघळायला जास्त आम्ल लागतं, पीएच ४.५ च्या आसपास. आणि व्हार्निशचं काम हे की ते फ्लोराईड काही तास दाताला चिकटवून ठेवायचं, म्हणजे दाताच्या पृष्ठभागावर त्याचा एक साठा तयार होतो आणि पुढं जेव्हा जेव्हा आम्ल होईल तेव्हा त्यातलं थोडं थोडं सुटतं.

आणि रात्री झोपेत थुंकी खूप कमी सुटते. ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर मी थोरलीच्या तोंडात ती बाटली कधीच ठेवली नसती. दिवसा जे आम्ल अर्ध्या तासात धुऊन जातं ते रात्री तिथंच साचून राहतं. खालच्या पुढच्या दातांवर जीभ असते म्हणून ते वाचतात, वरचे चार पहिल्यांदा जातात. थोरलीचं अगदी तसंच झालेलं.

घरी आल्यावर आत्यांना (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "साखर वाईट म्हणतीस ते कळतंय, पण गूळ आपल्या घरचा हाय, त्यात काय भेसळ न्हाई, त्यानं कशी कीड लागंल?" हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता आणि मला वाटतं कोल्हापुरात निम्म्याहून जास्त घरांत हाच प्रश्न असेल. आमचा गूळ आहेच तसा. मामा, म्हणजे सासरे, हंगामात पहाटे चुलवाणाजवळ उभे असतात, गुळव्या काहिलीतला पाक बघून सांगतो की आता उतरवा, त्या वासासाठी मी स्वतः माहेरहून लवकर परत आलेय. पण गुळात बहुतांश साखरच असते, उसाचीच, जंतूला गुळातली अन् साखरेतली साखर वेगळी कळत नाही. उलट गूळ चिकट, दाढेच्या खाचेत बसतो तो बसूनच राहतो. लोह वगैरे असतं गुळात, ते पोटाला चांगलं, दाताला त्याचा काही उपयोग नाही.

आत्या जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग थोरलीला म्याच दिली की काकवी." मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, आत्या, बाटली मी भरत होते. कुणालाच माहीत नव्हतं, आता माहीत झालंय.

गूळ बंद केला नाही आम्ही, कोल्हापुरात राहून ते होणार पण नाही आणि करायची गरज पण नाही. डॉक्टरांनी सांगितलं की किती खाल्लं यापेक्षा दिवसातनं किती वेळा खाल्लं हे बघा. दर वेळी तोंडात गोड गेलं की परत अर्धा तास आम्ल. दिवसातनं दहा वेळा चिमूट चिमूट गूळ म्हणजे पाच तास. तेवढाच गूळ जेवणात पोळीबरोबर एकदाच दिला तर अर्धा तास. म्हणून आता गूळ-तूप-पोळी जेवताना, शेंगदाणा-गुळाचा लाडू जेवणानंतर लगेच, आणि मधल्या वेळेला काकडी, केळं, चुरमुरे, दाणे. रात्रीची बाटली बंद करायला अकरा रात्री लागल्या. पहिल्या चार रात्री तो इतका रडला की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या. आधी दुधातली काकवी बंद केली, मग दूध पातळ करत करत शेवटी नुसतं पाणी, मग पेला. आता संध्याकाळी त्याचे बाबा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरनं म्हशीचं ताजं दूध आणतात, ते बिनसाखरेचं पितो, जेवायच्या आधी, आणि मग ब्रश. ब्रशनंतर फक्त पाणी.

ह्यांना मात्र दुसरीच काळजी. त्यांनी मोबाईलवर कुठंतरी वाचलं की फ्लोराईड विष आहे, आणि व्हार्निशमध्ये २२,६०० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग) असतं. आकडा खरा आहे, ५ टक्के सोडियम फ्लोराईड म्हणजे तेवढंच येतं, आणि आपल्याकडच्या टूथपेस्टला १,००० पीपीएमची मर्यादा आहे, त्यामुळं बावीस पट म्हटल्यावर कुणीही घाबरेल. मी त्यांना पुढच्या वेळी बरोबर नेलं आणि डॉक्टरांनी कागदावर हिशोब मांडून दाखवला. दुधाच्या सगळ्या दातांना मिळून लागतं साधारण पाव मिली. त्यात फ्लोराईड साडेपाच-पावणेसहा मिलिग्रॅम. आणि धोक्याची पातळी धरतात ती एका वेळी पोटात गेलं तर दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम, म्हणजे अकरा किलोच्या पोराला ५५. सगळं व्हार्निश त्यानं एकदम गिळलं असं धरलं तरी त्याचा दहावा भाग. शिवाय ते एकदम गिळलं जात नाहीच, दाताला धरून असतं, हळूहळू सुटतं. हे स्वतः हिशोब ठेवणारे, त्यांना आकडे पटले.

ह्यावरनंच सांगते, घरात टूथपेस्टची ट्यूब पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. अख्खी ट्यूब खाल्ली तर ती व्हार्निशपेक्षा जास्त काळजीची गोष्ट आहे.

पण फ्लोराईडची भीती उगाच नसते हे पण मला माहीत आहे. माझी एक कॉलेजची मैत्रीण यवतमाळ जिल्ह्यातली, तिच्या समोरच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, हसताना ती हात तोंडावर नेते. तिच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या बऱ्याच गावांत हा त्रास आहे, आणि फार वर्षं तसं पाणी पोटात गेलं तर हाडांना पण त्रास होतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. मी तिला फोनवर व्हार्निशचं सांगितलं तर ती दचकलीच, म्हणाली, तू पोराच्या तोंडात तेच घालतेस?

तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. ते डाग पडतात दात हाडाच्या आत तयार होत असताना, साधारण आठ वर्षांचं होईपर्यंत, रोज रोज पोटात जास्त फ्लोराईड गेलं तर. व्हार्निश बाहेर आलेल्या दाताला लागतं, वर्षातनं दोनदा, फार तर चारदा. पण ज्यांच्या गावात पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे त्यांनी डॉक्टरांना पहिल्यांदा पाण्याचंच सांगायचं. आमचं शहर नदी-धरणाच्या पाण्यावर, आधी पंचगंगा-भोगावती, आता काळम्मावाडीची थेट पाईपलाईन, आणि अशा वाहत्या पाण्यात फ्लोराईड सहसा कमीच असतं. बोअरवाल्यांनी पाणी तपासून घ्यावं.

गंमत म्हणजे फ्लोराईड दाताला चांगलं, हा शोध लागला तोच ह्या डागांवरनं. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट दवाखाना टाकायला गेला, तर तिथं जन्मलेल्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग. कारण शोधण्यात त्यानं तीस वर्षं घालवली, आणि मधेच त्याच्या लक्षात आलं की हे डागवाले दात दिसायला वाईट पण कीड मात्र त्यांना कमी लागते. १९३१ साली पाण्याची तपासणी झाली तेव्हा कळलं की पाण्यात फ्लोराईड जास्त. मग पुढं किती असलं म्हणजे डाग पण पडत नाहीत आणि कीड पण कमी लागते हे शोधून १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मोजून फ्लोराईड घातलं. व्हार्निश त्यानंतर, १९६० च्या दशकात युरोपात आलं. माझी मैत्रीण हे ऐकून गप्प झाली, मग म्हणाली, म्हणजे माझ्या दाढा अजून शाबूत आहेत त्या ह्यामुळंच का? असेल. पण तिला हसताना हात तोंडावर न्यावा लागतो ही किंमत मला कुठल्याच पोरानं मोजावी असं वाटत नाही, म्हणूनच मोजून, वरनं लावायचं.

गुण किती येतो हे पण विचारलं मी. २०१३ साली कॉक्रेननं (वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था) २२ अभ्यास एकत्र करून बघितले, बारा हजारांवर मुलं, त्यात दुधाच्या दातांची कीड सरासरी ३७ टक्के कमी झाली आणि पक्क्या दातांची ४३ टक्के. नंतर अगदी लहान मुलांवरचे काही अभ्यास झाले त्यात फायदा याच्यापेक्षा कमी दिसलाय. म्हणजे व्हार्निश लावलं, आता रात्री बाटली चालेल, असं होत नाही. आमच्या डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या, वर्षात दोन दिवस माझे, बाकीचे तीनशे त्रेसष्ट दिवस तुमचे.

त्या तीनशे त्रेसष्ट दिवसांत आम्ही काय करतो तर दोन वेळा ब्रश, मीच करते, पोराच्या हातात देत नाही, सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसानंच करायचा असतो कारण त्याच्या हाताला तेवढं वळण नसतं. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि नंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट काढलेली दाखवतात तेवढी अजिबात नाही. आणि पेस्ट घेताना ट्यूबच्या मागं वाचा, फ्लोराईड लिहिलंय का आणि किती पीपीएम. मी दुकानात उभं राहून वाचायला लागले तेव्हा कळलं की आमच्या घरात तीन वर्षं जी पेस्ट येत होती तिच्यात फ्लोराईड नव्हतंच, आणि थोरलीची मुलांची म्हणून घेतलेली स्ट्रॉबेरीची पण बिनफ्लोराईडची. ब्रश झाल्यावर मोठ्या पोरांनी थुंकायचं, पण पेलाभर पाण्यानं खळाखळा चूळ भरायची नाही, नाहीतर लावलेलं सगळं धुऊन जातं. ही सवय मोडायला मलाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

आणखी एक, माझ्या स्वतःच्या दोन दाढा किडलेल्या होत्या, त्या मी भरून घेतल्या. ते जंतू पोराच्या तोंडात जन्मतः नसतात, बहुतेक वेळा आईकडनं, घरातल्यांकडनं जातात, एकाच चमच्यानं चाखून भरवताना. घास फुंकून, चाखून देणं ही आमच्या घरातली माया आहे, ती एका दिवसात सुटत नाही, पण निदान माझ्या तोंडातली कीड तरी बंद केली.

ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही त्यांनी अंगणवाडीत विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातनं दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते, त्यांच्या तपासणीत दात पण आहेत, तिथनं पुढं सरकारी दवाखान्यात पाठवतात. टीम येईल त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, आणि ओठ उचलून त्यांना ती रेघ स्वतः दाखवा. खासगीत सुद्धा, थोरलीच्या एका दाढेच्या रूट कॅनाल आणि कॅपला जेवढे गेले तेवढ्यात धाकट्याला कितीतरी वेळा व्हार्निश लागलं असतं.

खड्डा पडलाच असेल तर व्हार्निशनं तो बुजत नाही, हे पण नीट समजून घ्या. त्याला भरावंच लागतं, किंवा फार लहान पोर असेल तर चांदीचं एक औषध लावून कीड थांबवतात, त्यानं किडलेली जागा काळी पडते. आणि थोरलीला आता सहावं संपतंय, तिची पहिली पक्की दाढ सगळ्यात मागं हिरडीतनं वर येतेय. ह्या दाढेसाठी कुठलाच दात पडत नाही त्यामुळं कित्येक घरांत ती दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी पडेल म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, ती म्हातारपणापर्यंतची. तिला पण व्हार्निश सुरू केलंय आणि दाढ पूर्ण वर आली की खाचांमध्ये सीलंट (खाच बुजवणारा थर) भरायचं ठरलंय.

धाकट्याला पहिल्यांदा लावून तीन महिन्यांनी परत लावलं, मग आणखी तीन महिन्यांनी, कारण त्याला कीड लागायचा धोका जास्त, नाहीतर सहा महिन्यांनी चालतं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी परत गॉजनं दात पुसला, कोरडा केला, लाईट मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. रेघ पूर्ण गेलेली नव्हती, पण खडूसारखा तो भुरकटपणा गेला होता, जागा गुळगुळीत, चकचकीत. हात लावून बघा म्हणाल्या. मी बोटानं बघितलं. बाकीच्या दातासारखीच लागली.

परवा गावाकडनं आत्यांचा फोन आला. पलीकडच्या घरात धाकट्या जाऊबाईंचं पोर आहे, सव्वा वर्षाचं. आत्या म्हणाल्या, "अगं, मी त्याला उंबऱ्यात उजेडाला घेऊन बसले अन् वरचा ओठ उचलला. पांढरं हाय बघ. दोनदा पुसलं, जाईना. कवा आणू?"

म्हटलं, आत्या, रविवार सोडून कधीही आणा, मी नंबर लावून ठेवते.